नाद आणि मर्दुमकी

‘छंद’ हा शब्द शाळेतल्या निबंधापुरता. ‘माझा आवडता छंद’ या विषयावर आपण सगळ्यांनीच केव्हा ना केव्हा दीड-दोन पाने लिहिली आहेत, आणि घरात एकही पोस्टाचे तिकीट नसताना तिकिटे जमविण्याचा छंद असल्याचे ठोकून दिले आहे. आमच्या कसबा बावड्यात छंद कुणालाच नसतो; असतो तो नाद. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला शर्यतीच्या बैलांचा, तर कुणाला म्हशींचा. ‘नाद खुळा’ हे दोन शब्द कुणी पाठीवर थाप मारून उच्चारले, की परीक्षेतल्या पहिल्या वर्गापेक्षाही तो मान आमच्या पोरांना मोठा वाटतो.

पण हाच शब्द मुलीच्या वाट्याला कसा येतो ते पाहा. ‘त्याला नाद आहे’ म्हटले की पोरगा जिद्दीचा, दर्दी, मर्दाचा बच्चा. ‘ती नादाला लागली’ म्हटले की घरात कुजबुज सुरू होते, मामाला निरोप जातो आणि पोरीचे कॉलेज सुटते. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात सुखाने नांदत असतात. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला या शब्दाचे कुतूहल वाटले. त्याचा माग काढीत गेलो तेव्हा तो थेट आमच्या गोठ्यात जाऊन थांबला. म्हणून हे चार शब्द. लहान तोंडी मोठा घास घेत असेन तर गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

ज्यांनी कोल्हापूरची दिवाळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. इतर गावांत पाडवा म्हणजे ओवाळणी आणि नवे कपडे. आमच्याकडे पाडवा-भाऊबीज म्हशींचीही असते. शनिवार पेठेतली गवळी गल्ली, सागरमाळ, पंचगंगेचा घाट आणि आमचा कसबा बावडा, इथे त्या दिवसांत सजविलेल्या म्हशी रस्त्यावर येतात. अंगावरचे केस भादरून कातडीला तेलाची तकाकी आणलेली, शिंगे रंगविलेली, त्यांना मोरपिसे बांधलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि लोकरीचे गोंडे, पायांत तोडे. मालक मोटारसायकलीवर पुढे आणि म्हैस त्याच्या मागे. दाव्याने ओढायचे नाही, काठी उगारायची नाही. गर्दीला आणि आवाजाला न बुजता जी म्हैस धन्याच्या हाकेमागे धावत जाते, तिचे आणि तिच्या धन्याचे नाव वर्षभर गल्लीत निघते.

आता यात जरा विचार करण्यासारखे आहे. म्हैस ही मादी. ती धन्याच्या मागे धावते ती त्याच्या दंडातल्या ताकदीला भिऊन नव्हे. त्याने तिला वर्षभर चारले, धुतले, चोळले, तिच्या कानाशी तोंड नेऊन तिच्याशी बोलला, म्हणून ती धावते. रस्त्यावर जे दिसते ते मायेचे फळ असते. आणि आम्ही कडेला उभे राहून ओरडतो काय? ‘मर्द गडी!’

माझे वडील, आबा, साखर कारखान्यात हंगामी कामगार. गोठ्यात दोन म्हशी. त्यांतली पाडव्याची म्हैस म्हणजे मैना. दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या सोप्यावर संध्याकाळी एक उद्योग चालतो. आबा, चुलते आणि मी मांडी घालून बसतो आणि सुई-दोरा घेऊन कवड्या ओवतो. लोकरीचे गोंडे कातरतो, पट्ट्याला आरसे शिवतो. लाल गोंड्याशेजारी पिवळा शोभतो की हिरवा, यावर पिळदार मिशांची माणसे अर्धा-अर्धा तास वाद घालतात. येणारे-जाणारे थांबतात, बघतात, ‘लई भारी’ म्हणतात. चहा येतो. हा मर्दाचा नाद.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी संपल्यावर हात मोकळे होते आणि दोरा शिल्लक होता. ताईच्या ब्लाउजच्या बाहीवर मी त्याच सुईने छोटा मोर भरू लागलो. कुणी शिकविले नव्हते. मैनेच्या पट्ट्यावर मोर काढायचा हात बसला होता, तोच इथे चालविला. गल्लीतला एक मित्र आला आणि दारातूनच ओरडला, “काय रं, बायकांगत काय सुई घिऊन बसलायस?” आबांनी वर पाहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून मी ब्लाउज ताईच्या मांडीवर टाकला आणि उठलो. तो मोर अजून अर्धाच आहे. मान आहे, पिसारा नाही.

सुई तीच, दोरा तोच, मोरही तोच. म्हशीच्या गळ्यात गेला तर मर्दुमकी. बहिणीच्या बाहीवर आला तर बायकीपणा. तेव्हापासून मला असे वाटू लागले की मर्दानीपणा त्या कामात कुठे नसतोच. आपण तो बाहेरून आणून चिकटवितो. आणि असे चिकटविण्याची आपल्याला गरज वाटते, कारण त्यामागे आपल्याला काहीतरी लपवायचे असते.

काय लपवायचे असते? तालमीचे उदाहरण घेऊ. अकराव्या वर्षी मलाही तालमीत घातले होते. माझ्या अंगात ते नव्हते आणि दोन वर्षांत मी बाहेर पडलो. पण जे पाहिले ते विसरलो नाही. गंगावेश, मोतीबाग अशा तालमींत परगावची पोरे येऊन वर्षानुवर्षे राहतात. ती पहाटे उठून जोर-बैठका काढतात, कुस्त्या धरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय करतात हे कुणी सांगत नाही. ती स्वयंपाक करतात. भाजी चिरतात, थंडाईसाठी बदाम घोटतात, आपली लंगोटे आपण धुतात. हौद्यातली लाल माती उकरून तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात. कणीक मळणाऱ्या बाईने पाहिले तर तिला हे काम अनोळखी वाटणार नाही. थोरला मल्ल धाकट्याचे अंग तेलाने चोळतो. कुणाचा खांदा निखळला तर रात्रभर शेक देत बसतो. घरात ज्या-ज्या कामाला आपण ‘बायकांचे काम’ म्हणून हात लावत नाही, ते सगळे काम तालमीच्या भिंतीआड पुरुष करतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. सुट्टीला हाच मल्ल घरी जातो, तेव्हा मात्र पाण्याचा तांब्या आईने हातात आणून द्यावा लागतो.

म्हणजे नाद ही पुरुषाला मिळालेली एक सवलत आहे. तिथे त्याने जपावे, कुरवाळावे, नटवावे, वाट पाहावी, रडावे. कुणी हसणार नाही. माझी आजी वारली तेव्हा आबांच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. ‘खंबीर गडी’ म्हणून लोकांनी वाखाणले. तीन वर्षांनी मैनेच्या आधीची म्हैस विषबाधेने गेली, तेव्हा तेच आबा गोठ्याच्या दारात बसून हुंदके देऊन रडले, आणि सारी गल्ली त्यांच्याभोवती गप्प उभी होती. त्यांचा कमीपणा कुणालाच वाटला नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज वाटते, ते आजीसाठीही तेव्हाच रडले असतील. आईसाठी रडायची सोय नव्हती, ती त्यांना म्हशीने करून दिली.

ही भिंत नेहमीच एवढी उंच होती असेही नाही. आपल्या शहराच्या मधोमध तिचा पुरावा आहे. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले आणि रोमची जुनी प्रेक्षागारे पाहून आले. त्यांच्याच प्रेरणेने खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ साली उभे राहिले. त्याला पाठ लावून १९१५ साली पॅलेस थिएटर झाले, ज्याला आज आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. एका बाजूला लंगोट लावलेला मल्ल आणि दुसऱ्या बाजूला शालू नेसलेला नट! कारण त्या काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. स्वतः केशवराव लहान वयात ‘शारदा’ नाटकातील शारदा करून नावारूपाला आले, आणि तेच केशवराव ८ जुलै १९२१ रोजी मुंबईला झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त वीर धैर्यधर झाले, समोर भामिनीच्या वेषात बालगंधर्व. शारदा झालेल्या गळ्यातून धैर्यधराची पदे ऐकताना कुणाला अडचण झाली नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली, तिची झळ खासबागेच्या बाजूलाही पोहोचली. त्या रात्री हळहळणाऱ्यांत नाटकवाले होते तसे कुस्तीवालेही होते. दोघांचे घर एकच होते, हे आगीच्या उजेडात दिसले.

शाहू महाराजांचा जन्म आमच्या बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यातला, २६ जून १८७४ चा. ते स्वतः अंगापिंडाने दणकट, मल्लविद्येचे दर्दी, शिकारीचे शौकीन. मर्दानी नाद म्हणतात तो त्यांना भरपूर होता. पण त्यांनीच अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे पदरी ठेवले, १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१८ साली मुलगा गेल्यावर विधवा सून इंदुमतीदेवी यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. आम्ही त्यांची तालीम घेतली आणि सुनेला शिकविण्याचे धैर्य तिथेच ठेवून आलो. पुतळ्याला हार घालणे सोपे असते.

मग नादाला मर्दुमकीची पाटी का लागली असावी? मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे इंग्रजांची शिकवण. मेकॉलेने बंगाल्यांना बायकी म्हणून हिणविले. पुढे इंग्रजांनी लष्करभरतीसाठी जातीजमातींचे लढाऊ आणि बिनलढाऊ असे खण पाडले. गुलाम माणसाला धन्याने ‘तू पुरुष नाहीस’ असे ऐकविले की तो आपले पुरुषपण सिद्ध करीत सुटतो. स्वातंत्र्य मिळून कितीतरी वर्षे झाली, पण सिद्ध करण्याची ती खोड गेली नाही.

दुसरे कारण जवळचे आहे आणि ते मला अधिक खरे वाटते. आबा वर्षातले काही महिने कारखान्यात असतात. तिथे हजेरी, तिथे साहेब, तिथे ‘हो’ आणि ‘बरं’. हंगाम संपला की मिळेल ते काम. त्यांना ‘आपण’ म्हणून हाक मारणारे वर्षभरात कुणी भेटत नाही. पाडव्याच्या दिवशी मात्र भगवा फेटा बांधून ते मोटारसायकलीवर बसतात, मैना मागून धावते आणि दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्या नावाने ओरडतात. त्या काही मिनिटांत ते कुणाचे नोकर नसतात. ज्याला पगाराने, पदवीने, जमिनीने मान मिळत नाही त्याला नाद मान देतो. म्हणून शहाण्यासुरत्या लोकांनी ‘हे रिकामटेकडे उद्योग’ म्हणून या नादांना नाके मुरडावीत हे मला पटत नाही. बैलगाडी शर्यतींवर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, ती १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त उठली. त्या सात वर्षांत शर्यतींवर बंदी असताना कितीतरी शेतकऱ्यांनी शर्यतीचे खोंड दावणीला सांभाळले. त्यात हिशेब नव्हता. नाद माणसाला पैशापलीकडचे काहीतरी शिकवितो, ही त्याची मोठी बाजू आहे.

पण मान मिळविण्याचा रस्ता पुरुषपणातूनच जातो असे एकदा ठरले, की बाजू पालटायला वेळ लागत नाही. हाकेमागे येणारी म्हैस पुरेनाशी होते. मोटारसायकलीचा सायलेन्सर काढून कानठळ्या बसवाव्या लागतात. फुटबॉलमध्ये गोल किती झाले यापेक्षा कुणाच्या पेठेने कुणाला हाणले हे महत्त्वाचे ठरते. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारताच्या सतरा वर्षांखालील संघातून विश्वचषकात खेळला. त्याच्या पायातली कला समजून घ्यायला डोके आणि सवड लागते, हुल्लडीला दोन्ही लागत नाहीत. नाद मोठा होण्याऐवजी आवाज मोठा होतो. शंका असते तिथेच माणूस ओरडून सांगतो.

आणि या सगळ्याचा खर्च कोण देते? मी पैशाबद्दल बोलत नाही; किंवा नुसते पैशाबद्दल बोलत नाही. मैनेची धार आई काढते. आबांनी कास धुऊन बसावे, मैना दूध चोरते. आईचा हात लागला की पान्हा सोडते. पहाटेचे शेण, दुपारची वैरण, आजारात रात्रीची जाग, हे आई आणि ताई यांचे. पाडव्याला त्या दोघी गच्चीवरून पाहतात. म्हैस जिंकली तर आबांची, आणि बुजली तर ‘घरात हिला नीट चारली न्हाई’ असे आईला ऐकावे लागते. नाद आबांचा आहे यात शंका नाही, पण तो उभा आहे आईच्या वेळेवर. तिचा वेळ कुणी मोजत नाही, कारण तो नादात धरला जात नाही. ते तिचे कामच.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारावीला तिला माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले गुण होते. तिला नर्सिंगला जायचे होते. त्या वर्षी गोठ्यात मैना आली. आबा म्हणाले, “फुडच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी कुणी पाहिले नाही. ताई आता एका साड्यांच्या दुकानात उभी असते, आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचे निम्मे पैसे तिच्या पगारातून गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, असे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मला ते ऐकून आनंद होण्याऐवजी आता लाज वाटते. मैनेचा मला लळा आहे. तिच्या गळ्यातली माळ मीच ओवली. पण त्या माळेत ताईचे एक वर्ष ओवले गेले आहे, हे कवड्या मोजताना माझ्या कधी ध्यानात आले नाही.

१९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. ते राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, अशी हकीकत सांगतात. कोल्हापूरच्या पोराला ती ऐकून अभिमान वाटावा अशीच आहे. मलाही वाटतो. पण आमच्या गल्लीपुरते बोलायचे तर ही उदारता मुलाच्या अंगणात येऊन थांबते. मुलाला नाद असला की बाप कर्ज काढतो. मुलीला नाद असला की बाप स्थळ काढतो.

बायकांच्या अंगात ते नसतेच, असे कुणी म्हणेल तर त्याने जरा आजूबाजूला पाहावे. हमीदा बानू नावाच्या पहिलवान बाईने १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केले होते. तिने पुरुषांना हरविले की प्रेक्षक हुर्यो करीत, एकदा तर दगडही फेकले गेले. दगड फेकणाऱ्यांना कुस्ती कळत नव्हती असे नाही. आपली पाटी पुसली जाते आहे हे कळत होते. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून चालते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. ती सांगलीला झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळविले. दांडपट्टा आणि लाठीच्या खेळाला आपण ‘मर्दानी खेळ’ म्हणतो, आणि आज शिवजयंतीच्या मिरवणुकीत तो मुली खेळतात. पट्टा सपासप फिरत असतो, पोरीची वेणी हवेत असते आणि निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगत असतो, ‘पाहा मर्दानी खेळ!’ कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. कावळा नाक्यावर उधळलेल्या घोड्यावर ताराराणी बसलेल्या असताना वाटणार तरी कशी?

मग काय करायचे, असा प्रश्न वाचक विचारतील. नाद सोडायचा? मुळीच नाही. मला वाटते सोडायची आहे ती फक्त पाटी. नाद करणाऱ्या पुरुषाने मनाशी एवढे कबूल करावे, की आपल्या नादातले सर्वांत चांगले जे आहे ते जपणे आहे, आणि जपण्यात पुरुष-बाई असा भेद नाही. ही काही परक्या देशातून आणलेली कल्पना नव्हे. वारीत धोतर नेसलेले मिशाळ बाप्ये भर रस्त्यात फुगडी घालतात, एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात आणि विठोबालाच आई करून टाकतात. पंढरीच्या वाटेवर जो पुरुष माउली होऊ शकतो, त्याला घरच्या चुलीपाशी तेवढेच व्हायला कोण अडविते? गांधीजींनी बायकांचा म्हणून समजला गेलेला चरखा लाखो पुरुषांच्या हाती दिला आणि त्यातून एक साम्राज्य हलविले. सुईला तर साम्राज्य हलवायचे नाही. तिला फक्त एका बाहीवरचा मोर पुरा करायचा आहे.

एकदा हे कबूल झाले की दुसरी गोष्ट आपोआप येते. जपण्यात पुरुष-बाई नसेल, तर नादातही नाही. मग घरातल्या बाईलाही नाद असू शकतो, आणि त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याच वेळातून काढून द्यावा लागतो. म्हणजे पहाटेचे शेण आलटून-पालटून काढावे लागते. भाषणात टाळ्या मिळविण्याइतके हे सोपे नाही. मी स्वतः गेल्या श्रावणापासून आठवड्यातले तीन दिवस शेण काढतो. मित्र हसतात. आबा अजून काही म्हणालेले नाहीत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एका रात्री मी आईला विचारले, “आई, तुला कशाचा नाद हुता गं?” ती हसली. “मला कसला नाद? दूध, शेण हाच नाद,” म्हणाली आणि भाकरी थापू लागली. तीन-चार भाकऱ्या झाल्यावर तव्याकडे बघतच म्हणाली, “पवायचा.” माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत ती वरून उडी मारून तळातली माती हातात घेऊन यायची. भावांना ते जमत नसे. वयात आल्यावर आजोबांनी बंद केले. लग्नाला चोवीस वर्षे झाली. पंचगंगा घरापासून एवढी जवळ, पण धुणे धुण्यापलीकडे ती पाण्यात उतरलेली नाही. आबा शेजारीच जेवत होते. त्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांचा हात ताटात तसाच थांबला आणि बराच वेळ ते आईकडे पाहत राहिले.

मित्रहो, माझे मागणे मोठे नाही. या सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या आईला, बहिणीला हा एक प्रश्न विचारून पाहा. उत्तर पहिल्या फटक्यात येणार नाही. तीन-चार भाकऱ्या होईपर्यंत थांबावे लागेल. जो थांबेल त्याला मी खरा नादी म्हणेन.

— एक विद्यार्थी, बी. ए. भाग २